दुखलं म्हणणारा कच्चा

मल्हाररावांची नक्कल करायची तर पाय फाकवून उभं राहायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि समोर माणूस नसून मेंढरू आहे असं धरून चालायचं. मग पोटातून आवाज काढायचा, "खाली. आजून खाली. मरत नाय कुनी. खाली म्हनलं ना!" वाक्य संपलं की जीभ टाळूला लावून टक् करायचं, कळप वळवताना करतात तसं. टक् राहिलं की तो मल्हारराव होत नाही, नुसता कुणीतरी चिडका म्हातारा होतो. आणि मल्हारराव म्हातारे नाहीत. पस्तिशीतले आहेत. दिसतात म्हातारे, ते प्रेसमुळं.

प्रेस म्हणजे चिकलठाण्याच्या कारखान्यातलं पॉवर प्रेस. डब्यांची झाकणं काढायची मशीन. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, धाड. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, धाड. हात वेळेवर काढला तर झाकण तयार होतं. नाही काढला तरी झाकण तयार होतंच. मल्हाररावांच्या शेजारी कडुबा नावाचा गडी होता, त्याचा हात एकदा मागं राहिला. दोन बोटं गेली. ती रुमालात गोळा करायचं काम मल्हाररावांवर आलं, कारण सगळ्यात जवळ तेच होते. त्या दिवसापासून मल्हारराव जेवायला बसले की आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचे. त्यांची बायको पुतळाबाई भाकरी थापताना म्हणायची, "बगा, बगा. हायेत का समदी? का एकांदं डब्यात इसरून आले?" आणि खी खी हसायची. पुतळाबाईचं हसू नाकातून येतं, पण ते पुढं.

मल्हाररावांना त्या प्रेसवरून उठायचं होतं. बस, एवढीच त्यांची इच्छा होती. पगार वाढवून नको, फोरमन व्हायचं नाही. सगळी बोटं घेऊन उठायचं.

कारखान्यात पर्सोनेलला मुजुमदार साहेब आहेत. त्यांची नक्कल सगळ्यात सोपी. चष्मा कपाळावर चढवायचा आणि प्रत्येक माणसाशी तो मागच्या खोलीत उभा आहे असं बोलायचं. "पाठदुखी! पाठदुखी! अरे, ज्याला त्याला पाठदुखी! माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग झालाय!" म्हणून साहेबांनी दिवाळीनंतर शहरातून टिपणीस मॅडमना बोलावलं आणि कॅन्टीनची बाकडी हलवून कामगारांसाठी योगाचं शिबिर ठेवलं.

टिपणीस मॅडम बोलतात ते जमिनीवर अंडी ठेवल्यासारखं. एक एक शब्द हळूच ठेवायचा आणि तो फुटला नाही ना बघून दुसरा. "श्वास… घ्या. श्वास… सोडा. जेवढं सहज होतंय… तेवढंच. दुखलं की… थांबायचं. शेजाऱ्याकडं बघायचं नाही. त्याचं शरीर वेगळं, आपलं वेगळं." शेवटी सगळ्यांना डोळे मिटून निजवायच्या आणि एकेकाजवळ जाऊन विचारायच्या, "काय जाणवतंय?" सेकंड शिफ्टचे लोक उपाशी असायचे. ते म्हणायचे, "भूक."

शिबिराच्या शेवटी साहेबांनी सांगितलं, "तुमच्यातलाच एखादा शिकवणारा तयार झाला तर त्याला मशीनवरून काढून योगशिक्षक करू. पगार तोच. जनरल शिफ्ट. मॅडम जानेवारीत येऊन वर्ग बघतील. त्या हो म्हणाल्या की झालं."

मल्हाररावांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि वर केले.

आता खरी गंमत. मल्हाररावांना योग येत नाही. वाकतच नाहीत. इतकी वर्षं प्रेससमोर बसून कंबर जिथं आखडली तिथंच आहे. पाय लांब करून बसले तर हात गुडघ्याशी येऊन थांबतात, पुढं रस्ता बंद. मग शिबिरात त्यांनी केलं काय? मॅडमनी जोड्या लावल्या होत्या, एकानं आसन करायचं, दुसऱ्यानं मागून हलका आधार द्यायचा. मल्हारराव रोज आधार द्यायला उभे. पाळी बदलायची वेळ आली की पाणी प्यायला जायचे. मॅडम म्हणायच्या, "आधार द्या… दाबू नका." मल्हारराव म्हणायचे, "व्हय मॅडम." आणि दाबायचे.

दाबायची कला त्यांची जुनी होती. मल्हारराव फुलंब्रीकडच्या एका गावातले, धनगराच्या घरातले. लहानपणापासून मेंढरांची लोकर कातरलेली. कातरायच्या आधी मेंढरू धरून उलटं बसवतात, ढुंगणावर, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून. तोवर ते लाथा झाडतं, डोळे फिरवतं. पण एकदा तसं बसवलं की एकदम गप्प. पाय ढिले, मान एका अंगाला. कातर कातडीला लागली, रक्त आलं, तरी हू नाही. मल्हाररावांनी हे हजारदा बघितलेलं, आणि त्यावरून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. गप्प बसलं म्हणजे आराम पडला. मेंढरू भ्यायलं की असं गप्प होतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नाही. मेंढरानं तर नाहीच.

तो सिद्धांत घेऊन त्यांनी आमच्या कामगार वसाहतीत वर्ग उघडला. पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात, शिफ्ट सुटल्यावर. जानेवारीपर्यंत लोक तयार करायचे होते. आले बरेच. कुणी पाठ धरून आलं, कुणी मान, कुणी घरी सासू होती म्हणून.

पहिला नियम मल्हाररावांनी पहिल्याच दिवशी सांगितला. "दुखलं म्हननारा कच्चा." टक्. "मॅडम काय बी म्हनू द्या. मॅडम शहरातल्या हायेत. दुखलं म्हनून थांबलं तर मानूस सकाळी उठनारच नाय." आणि जो 'आई गं' म्हणेल त्याला शिक्षा. वर्गाबाहेर जाऊन टाकीच्या खांबाशी उभं राहायचं आणि सगळ्यांनी ऐकेपर्यंत मेंढरासारखं ओरडायचं. बॅं.

अहाहा! वसाहतीत टीव्ही सात घरी होता, पण संध्याकाळी सगळी टाकीखाली. वच्छलाबाई नावाची म्हातारी गुडघे दुखतात म्हणून आली होती. तिला वज्रासनात बसवलं. बसली ती अर्धी. ढुंगण टाचेला लागेना. मल्हारराव मागून आले, तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि पोतं दाबावं तसं दाबलं. वच्छलाबाई "आगं माय माय माय!" करत आडवी झाली.

"कच्ची," मल्हारराव म्हणाले. "खांबाकडं."

"आरं मेल्या, उठता येईना मला, खांबाकडं काय जाऊ?"

"रांगत जा."

म्हातारी रांगत गेली. गेली आणि खांबाला धरून 'बॅं' पण म्हणाली, मोठ्यानं, मग मल्हाररावांच्या आईच्या नावानं आणखी काय काय म्हणाली. ते मला येतं, पण लिहिता येत नाही.

हळूहळू वर्गात दोन प्रकारची माणसं उरली. एक, ज्यांचं दुखत नव्हतं. दुसरी, ज्यांना खांबाकडं जायची लाज वाटायची. दुसरी जास्त. ती दात चावून वाकायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि मल्हाररावांनी विचारलं की म्हणायची, "आराम हाय." मल्हाररावांनी तेही शिकवून ठेवलं होतं. मॅडम येऊन 'काय जाणवतंय' विचारणार, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "आराम हाय, मॅडम." रोज सराव. शाळेत प्रार्थना म्हणतात तसं.

आणि मग सांडू.

सांडूची नक्कल अवघड, कारण तो बोलत नाही. ओठ मिटायचे, नाकातून बारीक श्वास घ्यायचा, आणि आपण तिथं नाहीच असं करून बसायचं. सांडू मल्हाररावांच्याच गावचा, तिथल्या बौद्धवाड्यातला. कारखान्यात तो बदली कामगार. म्हणजे कुणी आलं नाही तर त्याला काम, नाहीतर गेटवर उभं. शिबिरात मात्र पहिल्यापासून होता, आणि आसनं अशी करायचा की बघणाऱ्याचं तोंड उघडं राहावं. पाय लांब केले की कपाळ सरळ गुडघ्यांवर. तिथंच घडी होऊन राहायचा. मल्हारराव वर बसले तरी हलायचा नाही.

हो, वर बसायचे. अक्षरशः. सगळ्या वर्गाला दाखवायला सांडूच्या वाकलेल्या पाठीवर मांडी घालून बसायचे आणि तिथूनच शिकवायचे. "बगा. ह्याला म्हंत्यात योगी. हू का चू हाय का?" टक्. "आन् हा काय आजचा नाय. मला आधीच कळलं व्हतं. अठ्ठ्याहत्तर सालीच."

मग ती गोष्ट. आठवड्यातून एकदा तरी. मी मल्हाररावांच्याच तोंडानं सांगतो.

"विद्यापीठाला बाबासायबांचं नाव द्यायचं निघालं आन् गावोगाव आगी लागल्या, ते साल. आमच्या गावात बी बौद्धवाड्याला आग लावली. लोकं काठ्या घेऊन फिरत व्हती. मी मेंढरं घेऊन येत व्हतो, तर आमच्या कडब्याच्या गंजीतून एक पाय भायेर. वळखला ना मी. सांड्याचा पाय. तेवढ्यात आले काठीवाले. मी काय केलं? बसलो गंजीवर. बरोबर त्याच्यावरच. भाकर सोडली आन् खाऊ लागलो. 'मल्हाऱ्या, कोन गेलं का इकडून?' म्हनलं, नाय. ते गेले, पुना आले, पुना गेले. दिवस बुडाला. मी उठलो नाय. आन् हा खाली, असा घडी होऊन, गुडघं छातीला. एवढा मी वर, पन ह्याच्या तोंडातून शब्द नाय. तवाच म्हनलं, ह्या पोरात कायतरी हाय."

हे सगळं सांडूच्या पाठीवर बसून. खाली सांडू, कपाळ गुडघ्यांवर, बारीक श्वास.

वर्ग म्हणायचा, "वा!"

सांडूची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एक पत्रा आहे. त्यामुळं सांडूची पाठ कशी आहे हे मला मल्हाररावांपेक्षा जास्त माहीत. केसरबाई, त्याची बायको, रोज तेल गरम करून चोळते आणि चोळताना बोलते. तिचा आवाज म्हणजे कोरड्या लाकडावर करवत.

"अठ्ठ्याहत्तरपासून चोळते मी ही पाठ. लगीन झालं तवापासून. दुसऱ्याच्या बायका केस विंचरत्यात, मी नवऱ्याची पाठ चोळते. आन् तुमी परत जाऊन त्याच्याखालीच बसता? काहून?"

पलीकडं तेलाची वाटी सरकल्याचा आवाज.

"बोला की."

"जीव वाचवला त्यानं," सांडू म्हणाला. पत्र्याच्या अलीकडं सगळ्यांनी कान दिले, कारण सांडूचं एवढं लांब वाक्य महिन्याला एक.

"वाचवला ना. मग आता परत द्यायचा का त्याला?"

जानेवारी उजाडला. नामांतराचं परत पेटलं होतं. होणार, नाही होणार, विस्तार होणार, तोडगा निघणार. मुकुंदवाडीच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी, कारखान्याच्या बसच्या खिडक्यांना जाळ्या लावलेल्या. वसाहतीत वरची ओळ आणि बहुतेक बौद्धांची खालची ओळ एकमेकांना चहा विचारेनाशी झाली. मल्हाररावांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त मॅडमची तारीख दिसत होती. शिफ्टवरून येताना ते तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "श्वास घ्या, श्वास सोडा," आणि हात खिशात घालून चालायचे. बोटं जपून.

रविवारी सकाळी मुजुमदार साहेब आणि टिपणीस मॅडम जीपमधून उतरले. सगळी वसाहत मैदानाभोवती. मल्हाररावांनी पांढरा लेंगा घातला होता, इस्त्रीचा. पुतळाबाईनं कपाळाला गंध लावून दिलं होतं. "आज झालं की मी बी बोटं मोजायची बंद करते बगा," ती म्हणाली, आणि नाकातून हसली.

वर्ग झकास झाला. लोक दात चावून वाकले. मॅडम एकेकाजवळ जाऊन वाकायच्या आणि हळूच शब्द ठेवायच्या, "काय जाणवतंय?"

"आराम हाय, मॅडम."

"तुम्हाला?"

"आराम हाय, मॅडम."

"मावशी, तुम्हाला?"

वच्छलाबाईला त्या दिवशी मागच्या रांगेत भिंतीला टेकवून बसवलेलं. तिच्या डोळ्यांतून धारा. "आराम," ती म्हणाली, "लई आराम."

मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेब घड्याळ बघत होते. मल्हाररावांना वाटलं, आता शेवटचा घाव घालावा. "सांड्या, ये. मॅडम, आता खरं बगा." सांडू आला, बसला, घडी झाला. मल्हारराव ऐटीत त्याच्या पाठीवर बसणार, तेवढ्यात मॅडम ओरडल्या. ओरडताना त्यांच्या शब्दांची सगळी अंडी एकदम फुटली. "अहो, काय करताय! उठा! कुणाच्या पाठीवर बसतात का!"

"मॅडम, त्याला काय होत नाय. इचारा त्यालाच."

"मला तुम्हालाच विचारायचंय. शिक्षकानं स्वतः केलेलं मी अजून बघितलेलं नाही. तुम्ही बसा. पश्चिमोत्तानासन. आणि सांडूभाऊ, तुम्ही आधार द्या. शिबिरात सांगितलं होतं तसा."

मग मागून कुणीतरी हळूच 'बॅं' केलं आणि सगळी ओळ फिसकली. इथं पाणी प्यायला जायला जागा नव्हती. मल्हारराव बसले. पाय लांब केले. इस्त्रीचा लेंगा मांडीत आवळला. हात पुढं नेले, गुडघ्याशी आले, थांबले.

सांडू त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसला. दोन्ही तळवे मल्हाररावांच्या पाठीवर ठेवले, पोळी शेकताना हात ठेवतात इतके हलके. आणि बोलला. मोठ्यानं, स्पष्ट, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. आम्ही त्याचा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. चांगला भरीव आवाज आहे.

"श्वास घ्या, मल्हारराव."

घेतला.

"सोडा." तळवे दोन बोटं पुढं सरकले. "दुखतंय का?"

आता काय म्हणणार? दुखतंय म्हटलं तर कच्चा. सगळी वसाहत बघतेय, वच्छलाबाई बघतेय, साहेब बघतायत. "नाय," मल्हारराव म्हणाले. "आराम हाय."

"मग थोडं पुढं नेऊ का?"

"ने."

"श्वास घ्या. सोडा. आता दुखतंय का?"

"नाय."

"नक्की ना? दुखत असंल तर सांगा. लगेच थांबतो."

"नाय म्हनलं ना लेका!"

"मग आजून थोडं?"

मॅडम बघत होत्या. सांडूच्या हातात एवढासुद्धा हिसका नव्हता. विचारत होता, वाट बघत होता, हो आलं की मगच सरकत होता. अगदी शिकवल्यासारखं. मल्हाररावांचे कान लाल झाले, मग जांभळे. मानेची शीर दोरीसारखी उभी. घाम नाकाच्या शेंड्यावरून लेंग्यावर टपकायला लागला.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "मल्हारराव, पुरे झालं. तुम्हाला त्रास होतोय."

"कुनाला? मला?" मल्हारराव गुडघ्यांमधून बोलले. "आराम हाय, मॅडम. सांड्या, दाब. दाब, म्हनलं ना!" आणि टक् केलं.

सांडू थांबला. "दाबू?"

"दाब!"

"स्वतःहून म्हनताय ना?"

"आरं दाब की!"

सांडूनं दाबलं नाही. नुसता श्वास सोडला आणि अंगाचा भार पुढं येऊ दिला. मग आवाज आला. मोठा नाही. वाळलेली शेंग फोडली की येतो तेवढाच. मल्हाररावांचं कपाळ गुडघ्यांना टेकलं. जन्मात पहिल्यांदा.

ओरडले नाहीत. हे मात्र मान्य करायला पाहिजे. हू नाही की चू नाही. साहेबांना वाटलं जमलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. "व्वा! ह्याला म्हणतात स्थिरता!" त्यांच्या मागं चार जणांनी वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी मल्हारराव तसेच. डोळे उघडे, पाय ढिले, मान एका अंगाला.

"अवो," पुतळाबाई म्हणाली, "झालं की. उठा."

उठता येईना. दोघांनी काखेत धरलं तर घडीच्या घडी वर आली, उलगडेना. शेवटी पत्र्याच्या दारावर आडवं घालून खोलीत नेलं. दारातून आत घ्यायला दार तिरकं करावं लागलं, त्यात एकदा भिंतीला आपटले.

ते चाललेले असतानाच मॅडम साहेबांना म्हणाल्या, अगदी शांतपणे, एक एक शब्द ठेवत, "शिक्षक तुमच्याकडं आहे. पण तो हा नाही. ज्यानं दर वेळी विचारलं… तो."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण, हा बदली? बरं. बरं, चालेल. करून टाकू कायम." तोपर्यंत मल्हारराव दारावर, कान इकडंच. ऐकलं त्यांनी. पुतळाबाईनं पण ऐकलं, आणि तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसू आलं नाही.

दवाखान्यात पट्टा बांधून दिला आणि डॉक्टर म्हणाले, झोपून राहा. थोडं बरं वाटलं की हलके व्यायाम, पण जाणकाराच्या देखरेखीखालीच. साहेबांनी रजा दिली महिनाअखेरपर्यंत. तोवर उभं राहून कामावर आले तर प्रेस त्यांचं. नाही आले तर प्रेस दुसऱ्याचं. आणि व्यायामाचं काय, तर कंपनीचा योगशिक्षक आहेच की. वसाहतीतच राहतो.

म्हणजे मल्हाररावांना आता प्रेसवर परत जायचं होतं. ज्या मशीनवरून उठायला जीव टाकला, त्याच मशीनवर बसायला पाठ पाहिजे, आणि ती पाठ सांडूच्या हातात.

सांडू पहिल्यांदा आला तो चौदा जानेवारीला. दुपारीच नामविस्तार जाहीर झाला होता. खालच्या ओळीत निळे झेंडे, गुलाल नाही पण नीळ, ढोल. केसरबाईनं पहिल्यांदाच आमच्या पत्र्यावर थाप मारून बर्फी दिली. सांडू नवा शर्ट घालून मल्हाररावांच्या खाटेशी गेला, बर्फीचा तुकडा त्यांच्या ओठांशी धरला. मान उचलता येईना, तरी खाल्ला. घशात अडकला, खोकला आला, आणि खोकल्यानं पाठीतून जी कळ गेली ती आम्हाला दारातून दिसली.

"दुखतंय का?" सांडूनं विचारलं.

"नाय."

"बरं." थोडा वेळ बसला, चहा घेतला, गेला.

दुसऱ्या दिवशी परत. "दुखतंय का, मल्हारराव?"

"नाय म्हनलं ना."

"मग व्यायाम कशाला?" चहा घेतला, गेला.

असं रोज. शिफ्ट सुटली की सांडू यायचा, स्टुलावर बसायचा, विचारायचा. आवाजात टोमणा नाही, राग नाही, डॉक्टरासारखा साधा. मल्हारराव छताकडं बघून नाय म्हणायचे. खिडकीत आम्ही, दारात वरच्या ओळीच्या बायका, मध्ये वच्छलाबाई, तिला तर खुर्ची आणून दिली होती. महिनाअखेर जवळ आली. पुतळाबाईनं एक दिवस भांडं आपटलं.

"म्हना की एकदाचं! दुखतंय म्हना! इथं कोन खांबाकडं लावनार हाय तुमाला?"

मल्हाररावांनी पांघरुणाची कड मुठीत धरली. मग घशातून, पोटातून नाही, अगदी बारीक आलं, "व्हय. दुखतंय."

दारातल्या बायका पुढं सरकल्या.

"कुठं?" सांडू म्हणाला.

"कमरंत. खाली पायापस्तोर."

"कसं?"

"सुरी फिरवल्यावानी."

"झोपल्यावर जास्त का बसल्यावर?"

"झोपल्यावर बी. बसल्यावर बी."

"आन् वर कुनी बसल्यावर?"

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"माह्यावर… माह्यावर कुठं कुनी बसलं?"

"नाय ना," सांडू म्हणाला. "तुमच्यावर कुनीच नाय बसलं. तरी लई दुखतंय म्हनायचं." आणि उठला. स्टूल नीट भिंतीला लावलं.

पुतळाबाई पुढं झाली. "आवो भाऊ, कुठं चालले? सांगितलं की त्यांनी. आता व्यायाम दाखवा. चार दिवस राह्यले रजेचे."

"आज नाय जमायचं, वैनी," सांडू दारात चप्पल शोधत म्हणाला. "दुखत असलं की थांबायचं. मॅडमचा पैलाच नियम हाय तो. लोकांना इजा होती नायतर."

"मग करायचं कवा?"

"दुखायचं थांबलं की."

चप्पल सापडली. बाहेरून केसरबाईचं हसू आलं, करवतीसारखं, लांब. दारातल्या बायकांनी सांडूला वाट दिली आणि तशाच उभ्या राहिल्या, आता मल्हारराव काय करतात ते बघायला. मल्हारराव छताच्या पत्र्याकडं बघत होते. दुसरीकडं मान वळतच नव्हती.